पॅनेलमागचा धूर

बाबा, परवा संध्याकाळी मी आपल्या टोकावड्यावरून गेले, पण रस्त्याने नाही, विमानातून. तुम्ही गेलात तेव्हा मी शहापूरला शाळेत होते, त्यामुळे माझं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. घाटाच्या वर विमान चालवायला शिकवणारी एक शाळा आहे, तिथे मी वायरिंगचं काम करते. दोन माणसं जेमतेम बसतात अशी जुनी, लहान विमानं. काही तर माझ्याहून वयाने मोठी. त्यांच्या बॅटऱ्या, रेडिओ, वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांवरचे दिवे, सगळं माझ्याकडे. आईला वाटतं मी तिथे स्टोअरमध्ये बसून सामान देते. मीच तसं सांगितलंय. काय करू? ती अजून लाटण्याने बटणं दाबते. तुम्ही गेल्यावर जी सवय लागली ती सुटलीच नाही. स्वयंपाकघरात दिवा लावायचा तरी लाटणं घेऊन दाराशी उभी राहते, मान वळवते आणि मग दाबते. पहिल्यांदा पाहणारे हसतात. मला कधीच हसू आलं नाही.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा शिव्या खाल्ल्या तो दिवस आठवतो. पंपाच्या मोटारींना लावायच्या वॉर्निशचा वास, बाहेर बाजाराची गर्दी, आणि टेबलावर कुणाच्या तरी पंख्याचा जुना काळा रेग्युलेटर, डब्याएवढा. मी सहज हात ठेवते आणि तुम्ही ओरडता, "हात नको लावू गो! चालू हाय तो!" एवढे ओरडता की समोरचं गिऱ्हाईक दचकतं. मी रडत मागे जाऊन बसते. मग दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही प्लग काढून तो डबा माझ्यासमोर उघडता. आत तारेचं वेटोळं. "पंखा हलू फिरवायचा, तर उरलेली वीज जाईल कुठं? हितं जाते. ताप होऊन जाते. म्हणून गरम लागला तुला." त्याच दिवशी तुम्ही मला टेस्टर दिला, तुमचा स्वतःचा. आणि सांगितलंत, "मी लाईन बंद केली, असं कोनी बोलला तरी आपन आपला बघायचा." हे तुम्ही रोज पाळलंत. म्हसा गावाकडच्या त्या शेतात पंप दुरुस्त करायला बसलात तेव्हाही खोपटातला फ्यूज स्वतः काढून, तपासून मगच बसला होतात. पाणी का येत नाही म्हणून कुणीतरी खोपटात गेला आणि तुमचे हात तारांवर असताना फ्यूज परत लावला. तो माणूस वाईट नव्हता. वर्षश्राद्धाला येऊन ओटीवर बसून राहिला.

आता परवाचं सांगते. आमच्या एका विमानात काट्यांचे दिवे लुकलुकतात अशी तक्रार होती. ते दिवे कमीजास्त करायला पॅनेलखाली, म्हणजे काट्यांच्या फळीखाली, एक बटण असतं, पिळायचं. डिमर म्हणतात, काम तुमच्या रेग्युलेटरसारखंच, आणि गरमही तसाच होतो. दिवे अंधार पडेल तसे मंद करत न्यायचे, नाहीतर आतला उजेड समोरच्या काचेत दिसतो आणि बाहेरचं काही दिसत नाही. मी डिमर बदलला. हँगरची दारं लावून अंधारात पाहिलं तर उत्तम चालला. पण तक्रार हवेतली होती, इंजिनाच्या थरथरीतली. म्हणून शिकवणारे सर म्हणाले, "तूच चल बरोबर. काय होतंय ते तुला दिसलं पाहिजे." मी त्याआधी दोनदाच वर गेले होते, तेही दिवसा.

सूर्य बुडाल्यावर आम्ही निघालो. गावांचा उजेड नको म्हणून सर घाटाच्या कडेकडे वळले. खाली आपल्या टोकावड्याजवळ माळशेजच्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे सरकत होते. मी डिमर हळूहळू कमी करत आणला. दिवे एकदा लुकलुकले, आणि मग सगळे एकदम भगभगीत पेटले. काचेत फक्त आमची दोघांची तोंडं. सर म्हणाले, "कमी कर, कमी कर, मला डोंगर दिसत नाही." मी बटण पिळत होते, ते नुसतंच फिरत होतं. बोटांना चटका बसला. मग वास आला. तो वास मी ओळखते बाबा, तुमच्या दुकानात मोटार जळून आली की यायचा तोच. पॅनेलच्या खालून धुराची बारीक रेघ वर आली.

सरांनी मास्टर बंद केला. मास्टर म्हणजे अख्ख्या विमानाच्या विजेचा स्विच. दिवे गेले, कानातला रेडिओ गेला. इंजिन त्या विजेवर चालत नाही, हे मी विमान शिकायला येणाऱ्या कितीतरी पोरांना सांगितलंय. तरी त्या क्षणी मला वाटलं, आता तेही थांबणार. सर ओरडले, "टॉर्च!" मी पेटवला तर म्हणाले, "काचेवर नको, हाताने झाक." मी टॉर्च मुठीत धरला. बोटांमधून लाल उजेड पडला, तेवढ्या उजेडात मी त्यांना दोन काटे दाखवत राहिले, वेगाचा आणि उंचीचा. 

धावपट्टीचे दिवे दिसले तेव्हा धूर विरला होता. सर म्हणाले, "आता मास्टर लाव. पुढचा दिवा पाहिजे उतरायला, आणि रेडिओ." स्विच माझ्या बाजूने जवळ होता. मी म्हणाले, "नको सर."

"अगं, धूर गेलाय."

"नका लावू सर. पाया पडते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विमान तसंच अंधारात खाली नेलं. चाकं एवढ्या जोरात आपटली की माझी जीभ चावली गेली. थांबून खाली उतरलो तेव्हा सरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

काल पॅनेल उघडलं. डिमरच्या मागे कुणीतरी कधीकाळी फ्यूज न घालता एक जादा तार नेली होती, ती पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. तार पत्र्याला टेकलेलीच होती, आणि शेजारच्या तारांचं वेष्टण वितळलं होतं. सरांनी वाकून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिने मास्टर लावू दिला नाही म्हणून आम्ही इथे उभे आहोत. डोकं शांत ठेवलं पोरीने." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून तारा कापत राहिले.

आज शहापूरला आईकडे आले. आई आत झोपली आहे. ती उठायच्या आत हा कागद चुलीत घालीन. डोकं शांत नव्हतं बाबा. तारेचा विचारही मनात आला नव्हता. बंद केलेली लाईन परत लावायची म्हटल्यावर मला फक्त ते खोपट दिसलं, आणि माझा हात मांडीवरून उचलेना. नवी तार टाकून झाली आहे, तीनदा तपासली आहे. उद्या संध्याकाळी परत वर जायचंय, आणि निघताना मास्टर मलाच लावायचा आहे. मी हो म्हटलंय. हात उचलेल की नाही, ते मला माहीत नाही.