मानलेली बहीण

॥ श्री ॥
असोदा, ता. ८ जानेवारी १९३३

चि. सौ. वच्छलेस तानुअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे.

मोठी बातमी आधीच सांगते, नाहीतर तू पत्र मधेच सोडून शेवट वाचशील, ती तुझी जुनी खोड आहे. तुझ्या भाचीचं, पुष्पाचं, चोपड्याला जमलं. मुलगा मॅट्रिकपर्यंत शिकलेला आहे, घरचा कापूस आहे, सासू जरा करडी आहे पण बोलणं सरळ. लग्न फाल्गुनात, मार्चच्या एक तारखेला. मांड्यांना तूच बसायचं. तुझ्यासारखा पातळ मांडा खापरावर टाकणारी आमच्याकडे दुसरी नाही. हे तुझ्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही, कागदावर म्हणते.

आता तुझ्या चेहऱ्याविषयी. दिवाळीत तू आलीस तेव्हा तुझे गाल आणि नाक लालभडक पाहून मी गप्प बसले, पण तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. उपाय विचारून ठेवला आहे. डाळीचं पीठ, हळद आणि लिंबाचा रस सकाळ-संध्याकाळ चोळायचा, घोसाळ्याच्या वाळल्या जाळीने चांगलं घासायचं आणि वरून कढत पाण्याची वाफ घ्यायची. आग झाली तरी सोडायचं नाही. आग होते म्हणजे आतली घाण बाहेर पडते. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुझे नायटे, गोवर, उवा सगळं मीच निस्तरलं, हेही निस्तरू. लग्नात माझी बहीण उठून दिसली पाहिजे.

तुझ्या सासूबाईंना, झुंबरबाईंना, माझा नमस्कार सांग. तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझी तानुअक्का


॥ श्री ॥
धुळे, ता. २७ जानेवारी १९३३

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी वच्छलेचे सा. न. वि. वि.

पुष्पाची बातमी वाचून इतका आनंद झाला की शेवट आधी वाचायचा खरंच राहिला. मी लग्नाच्या दहा दिवस आधी येते. यांनी कचेरीतून पाच दिवसांची रजा मागितली आहे, पण मी काही यांच्यासाठी थांबायची नाही. पुष्पा सहा वर्षांची असताना तिला कबूल केलं होतं की तुझी हळद मीच लावीन. ती विसरली असेल, मी नाही.

तुझा उपाय चालू आहे. खरं सांगायचं तर चेहरा अधिकच बिघडला. गालांवर बारीक पुळ्या आल्या आहेत. चुलीपुढे बसलं, चहाचा गरम घोट घेतला किंवा ठेच्याची बोटं जिभेला लागली की तोंड पेटतं. पलीकडच्या पुनाबाईंनी तर एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की घरात मोहाची दारू घेतात का, कारण नाक तसंच दिसतं. हे हसून हसून बेजार झाले, मला काही हसू आलं नाही. सासूबाईंनी पिठाची वाटी माझ्या हातातून काढून म्हशीच्या आंबोणात उलटी केली, आणि तुले काहीच नही व्हयेल शे, हाई घासनं सोड, असं म्हणाल्या. पण तू सांगितलंस म्हणून मी सोडलेलं नाही. त्या देवळात गेल्या की घासते.

हे डॉक्टरकडे चल म्हणतात. बघू. भाऊजींना नमस्कार, पुष्पाला पोटभर आशीर्वाद. माया आहे ती अशीच राहू दे.
तुझी वच्छला


॥ श्री ॥
असोदा, ता. १२ फेब्रुवारी १९३३

चि. सौ. वच्छलेस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले. आता एका दमात लिहिते.

चोपड्याच्या मंडळींपैकी कोणीतरी तुला धुळ्याच्या बाजारात पाहिलं. त्यांनी विहीणबाईंच्या कानावर घातलं की मुलीच्या मावशीला महारोग आहे. विहीणबाईंनी माणूस पाठवून विचारलं. लग्न मोडतंय असं वाटलं. मी सांगून बसले की वच्छला आमची सख्खी नव्हे, आईने सांभाळलेली, मानलेली बहीण आहे. शब्द गेला तो गेला. त्यावर त्यांचं समाधान झालं आणि लग्न ठरल्या तारखेलाच आहे.

तेव्हा तू येऊ नकोस. तुला पाहिलं की सगळं पुन्हा उकरलं जाईल. मांड्यांना धरणगावची एक बाई सांगितली आहे. वैशाखातल्या आखाजीचं माहेरपणही यंदा राहू दे, कारण पुष्पा पहिल्या आखाजीला माहेरी येईल तेव्हा तिच्या सासरची माणसं सोबत असतील. आणि चोपड्याचं कोणी धुळ्यात भेटलंच तर तूही तसंच सांग. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. तू शहाणी आहेस, समजून घेशील.

पुढच्या वर्षी सगळं निवळेल. तुझं चांगलं चिंतणारी,
तानुअक्का


॥ श्री ॥
धुळे, ता. २४ फेब्रुवारी १९३३

तीर्थस्वरूप अक्कास वच्छलेचे सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सासूबाईंचा गुडघा धरला आहे म्हणून मला लग्नाला येता येत नाही, असं मी इथे सर्वांना सांगितलं. तूही पुष्पाला तेच सांग.

काल यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. म्हातारे गृहस्थ आहेत, घाईचं नाव नाही. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाची एक तार गालावर, नाकावर, हनुवटीवर टेकवत गेले. लागलं की सांगायचं. मी एकदाही चुकले नाही. ते म्हणाले, महारोगाच्या डागावर स्पर्श कळत नाही, तुझ्या गालांना तर इतरांपेक्षा जास्त कळतो. हा कातडीच्या वरवरच्या रक्ताचा नाजूकपणा आहे, कोणाला लागत नाही, मात्र एकाच घरात दोघीतिघींना असू शकतो. घासणं आणि लिंबू त्यांनी त्याच क्षणी बंद केलं.

लग्नाला अजून पाच दिवस आहेत. हे पत्र तुला परवा मिळेल. तू तार केलीस तर मी आहे तशी निघेन. माझं गाठोडं बांधलेलंच आहे.

पुष्पाचं लुगडं यांच्या कचेरीतल्या जीवरामभाऊंबरोबर पाठवलं आहे. ते जळगावला जाणार आहेत, तिथून असोद्याला आणून देतील. तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
वच्छला


॥ श्री ॥
असोदा, ता. १७ मार्च १९३५

चि. सौ. वच्छलेस तानुअक्काचे आशीर्वाद.

दोन वर्षांनी लिहिते आहे. कोणत्या तोंडाने लिहू ते कळत नाही, पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

तुझं ते पत्र लग्नाच्या तीन दिवस आधी मिळालं होतं. मी कोठीच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. तार करायला माणूस होता, वेळही होता. पण मांडव पडला होता, पाहुणे उतरले होते, आणि खोटं कबूल करायची माझी छाती झाली नाही. पत्र ज्वारीच्या कणगीत सारलं आणि पुरण वाटायला गेले. त्याआधीच्या दिवाळीत मी तुला पाणी वरून ओतून दिलं, तुझं लुगडं वेगळं उकळलं, तेही तू पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. तुला दोष देत नाही, मनातलं लिहिते.

आता पुष्पाचं ऐक. गेल्या उन्हाळ्यापासून तिचे गाल लाल होऊ लागले, अगदी तुझ्यासारखेच. मी तुला सांगितलेला उपाय तिने घरी ऐकला होता, तोच तिने मला न विचारता केला आणि चेहरा सोलून काढला. सासू विचारते की हे आलं कुठून, तुमच्यात तर कोणालाच नाही. जावयाचा जीव आहे तिच्यावर, पण घरात आईपुढे त्याचं चालत नाही. पुष्पाला वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. आखाजीला माहेरी धाडू आणि परत बोलावणार नाही, असा निरोप आला आहे. डॉक्टरांनी तपासलेली सख्खी मावशी म्हणून तुझं नाव घेतलं तर एका क्षणात सगळं सुटतं, आणि तेच नाव मी पुसून बसले आहे.

चेहऱ्यासाठी तू काय केलंस ते मला कळव. आणि माझ्याबरोबर चोपड्याला चल. मी पाय धरते.
तानुअक्का


॥ श्री ॥
धुळे, ता. २४ मार्च १९३५

तीर्थस्वरूप अक्कास वच्छलेचे सा. न. वि. वि.

पत्र वाचून पुष्पासाठी रडले. तिला आधी कळव की तिने आजपासून काहीही चोळायचं नाही. पीठ नको, लिंबू नको, हळद नको, साबणही तोंडाला नको. सकाळी आणि संध्याकाळी माठातल्या पाण्याने तोंड धुवायचं, कढतही नको आणि बर्फासारखं गारही नको. पुसायचं ते जुन्या मलमलीने, तेही टिपून. ओलसर असतानाच शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप बोटाच्या टोकाने लावायचं, चिमूटभर. आधी दोन दिवस कानामागे लावून पाहायचं. सोसलं तरच गालाला. मला हे तूप सोसलं, दुसरीला सोसेलच असं नाही. पहिल्या महिन्यात मी उतावळी होऊन चंदन, गुलाबपाणी, साय सगळं एकदम लावलं आणि कशाने बिघडलं तेच कळेना. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट.

उन्हात निघताना पदर पुढे ओढायचा आणि वर छत्री. हे कचेरीची जुनी छत्री मला देऊन स्वतः टोपीवर भागवतात. चुलीपासून हातभर मागे बसायचं. चहा निववून घ्यायचा. ठेचा आणि काळ्या मसाल्याची आमटी सोडायची. खानदेशात राहून हे सोपं नाही, पहिले पंधरा दिवस मी भाकरीशी नुसतं दूध घेतलं आणि सासूबाई माझ्याबरोबर तेच जेवल्या. खापरावर मी आता बसत नाही. तेवढं एक मनाला लागतं. लाली पूर्ण जात नाही. उन्हाळ्यात वर येते, थंडीत निवते, पण आग राहिली नाही आणि पुळ्या गेल्या. घाई केली की परत येते.

आता चोपड्याचं. मी तुझ्याबरोबर येणार नाही. मला पुढे उभं करून तू मागे राहशील, मी तुला ओळखते. तू एकटी जा. आपण एकाच आईच्या पोटच्या आहोत हे तू स्वतः सांग. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी देते आहे. त्यानंतर चोपड्याहून मला बोलावणं आलं तर त्याच दिवशी निघेन.

पुष्पाला माझे आशीर्वाद. तिच्यापुरती माझी माया कधी आटली नव्हती.
वच्छला


॥ श्री ॥
असोदा, ता. १४ एप्रिल १९३५

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. ओसरीवर विहीणबाई, व्याही आणि जावई बसले होते, पुष्पा दाराशी उभी होती. मी सगळं सांगितलं. सख्खी म्हणून सांगितलं, खोटं का बोलले ते सांगितलं, तुझं पत्र लपवलं तेही सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी जावयाने मोठ्याने वाचली. विहीणबाईंनी तूर निवडायचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या की तोंडाच्या लालीचं आम्हाला काही नाही, असे गाल आमच्या चुलत घरातही एकीचे होते. पण सख्ख्या बहिणीला जी नाकारते तिच्या शब्दावर आम्ही काय विसंबावं. सून आमची आहे, ती इथेच राहील. आखाजीला तिला धुळ्याला मावशीकडे पाठवू, तिथे पथ्यपाणी नीट शिकेल. असोद्याला यंदा नको.

मला वाईट वाटलं ते त्यांच्या बोलण्याचं नाही. पुष्पा मला गाडीपर्यंत पोचवायला आली. तिने एवढंच विचारलं की मावशीचं गाठोडं खरंच बांधलेलं होतं का. दोन वर्षं पोर तुझ्यावर रुसून होती. हळद लावायला आली नाही म्हणून तिने तुला एक ओळ लिहिली नाही, आणि मी ते पाहत राहिले. ती माझ्या पाया पडली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

तुझे भाऊजी म्हणतात, झालं ते झालं. माझं तसं होत नाही. आखाजीचे दोन दिवस मलाही धुळ्याला येऊ देशील का? पुष्पाला तुझ्याजवळ बसलेली पाहीन आणि परत फिरेन. तुझ्या मनात राग असेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही.
तुझी अक्का


॥ श्री ॥
धुळे, ता. २१ एप्रिल १९३५

तीर्थस्वरूप अक्कास वच्छलेचे सा. न. वि. वि.

विहीणबाईंचं रीतसर पत्र आलं. पुष्पाला आणायला हे स्वतः मुराळी होऊन चोपड्याला जातील. तूप धुवायला घेतलं आहे, माठ नवा आणला आहे. सासूबाई अंगणातल्या निंबाला झोका बांधून घेत आहेत.

तू रागाचं विचारलंस. राग आहे. तू मला वाढवलंस म्हणून तो इतके दिवस मी स्वतःपासूनही लपवला. आणि मीही चुकले. गुडघ्याचं खोटं मीच रचलं. तेव्हाच पुष्पाला दोन ओळी खऱ्या लिहिल्या असत्या तर गेल्या उन्हाळ्यात गाल लाल होताच तिने मला विचारलं असतं, आणि तिचा चेहरा सोलून निघाला नसता. तुझ्या शब्दाबाहेर जायचं नाही, या सवयीने मी त्या पोरीचं नुकसान केलं. हे मला तुझ्या खोट्याहून जास्त लागतं.

म्हणून सांगते, आखाजीला तू येऊ नकोस. तू समोर असलीस की मी पुन्हा सगळं गोड करून बोलेन, आणि पुष्पाला मला सारं खरं सांगायचं आहे. यंदा आमच्या दोघींना एकटं राहू दे. तुला कधी बोलवायचं ते मी स्वतः लिहीन. केव्हा ते आज सांगता येत नाही.

पत्र मात्र पाठवत जा. तुझी खुशाली कळली नाही की मला चैन पडत नाही.
तुझी धाकटी बहीण,
वच्छला