पोटऱ्यांना लावलेली हळद

प्रिय मुरारी,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच फुगू नकोस. मला एवढंच सांग, नवऱ्यामुलाच्या पोटऱ्यांना एवढी हळद कोण चोळतं रे? गालाला लावतात, हातांना लावतात, फार तर पावलांना. बायकांची लावून झाली तसा तू मामा म्हणून पुढं झालास, तळव्यावर खोबरेल ओतलंस आणि माझ्या ऋत्विकच्या मांड्या, पोटऱ्या, घोटे असे रगडलेस की शर्यतीच्या बैलाचीसुद्धा कोणी एवढी बडदास्त ठेवत नाही. मी मांडवभर सांगत होते, मामा असावा तर असा! आणि त्याच दुपारी त्याच मामानं भर मैदानात हात वर करून पंचाला सांगितलं, "साहेब, समोरच्या चढाईवाल्याच्या अंगाला तेल हाय. नियमात बसत नाय."

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू "ताई, नियम म्हणजे नियम" एवढं म्हणालास की माझं डोकं फिरतं आणि मी फोन ठेवते. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले ती आज कामाला आली.

नियम मलाही माहीत आहे. तीस वर्षं कबड्डीवाल्याच्या घरात काढली मी. अंगाला तेल नको, पकड निसटते. नखं वाढलेली नकोत, ओरखडे येतात. तू पोलादपूरच्या पतपेढीच्या संघाचा पगारी प्रशिक्षक, हे महाडच्या कंपनीच्या संघाचे. समोरासमोर आलात की तुम्ही मेहुणे नसता, हेही मी कधीच गिळलं. पण त्या एका सामन्यावर ह्यांची नोकरी टांगलेली होती, हे तुला ठाऊक होतं. कंपनीच्या साहेबानं ह्यांना सरळ सांगितलं होतं, या वर्षी काही करून दाखवा, नाहीतर मुंबईचा माणूस आणतो. माझ्याच ओटीवर बसून, माझ्याच हातचे पोहे खात तू हे ऐकलं होतंस.

आता तू म्हणशील, हळदीच्या दिवशी पोराला खेळवला कशाला. बरोबर आहे, तेच मी ओरडत होते. फायनल लग्नानंतरची होती. पण बक्षीस द्यायला येणाऱ्या पुढाऱ्याला तेव्हा वेळ नव्हता, म्हणून ती नेमकी हळदीच्या दुपारवर आली. मी म्हटलं, हळद लागलेला पोरगा वेशीबाहेर काढायचा नसतो. तर हे म्हणाले, "दोन तासांचं काम हाय, सोबत कट्यार दे." नवऱ्यामुलाच्या हातातली कट्यार मैदानात कशी चालेल? ती मीच धरून उभी राहिले. बंदोबस्ताचा पोलीस दोनदा येऊन मला बघून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "मावशी, कोणावर राग हाय काय?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

मग तुझा हात वर झाला. पंच आला, ऋत्विकच्या पोटरीवरून बोट फिरवलं, हुंगलं आणि सवयीनं आपल्याच पांढऱ्या शर्टाला पुसलं. तिथून पुढं सामना संपेपर्यंत पंचच नवरा दिसत होता. ऋत्विकला नळाखाली उभा केला. साबण लावला तर तेल जाईना, नुसतं पसरत होतं. अर्धं वऱ्हाड टॉवेल घेऊन त्याला पुसत होतं. कोणी म्हणे राख आणा, कोणी म्हणे बेसन. तेजश्रीच्या माहेरची माणसं फायनल बघायला आली होती. त्यांनी आपला होणारा जावई पहिल्यांदा नीट पाहिला तो असा. पंचानं पुन्हा हुंगलं आणि मान हलवली. "अजून घसरतोय." संपलं. ऋत्विक पिवळाधम्मक बाकावर बसला, त्याच्या जागी साहिल उतरला आणि आपण एका गुणानं हरलो.

तुझ्या भावोजींनाही मी सोडलेलं नाही. शेवटच्या मिनिटांत तुझ्या चांगूचा शर्ट पाठीवर टराटरा फाटला, आकडाच गेला. आकड्याशिवाय खेळता येत नाही, हाही नियमच ना? आपली पोरं ओरडत होती, सर, सांगा पंचाला! आणि हे म्हणाले, "कापड फाटलं म्हणून खेळाडू काढतात काय? खेळून काढा." लगेच त्याच चांगूनं साहिलचा घोटा धरला आणि तोच तो एक गुण. मैदानात देवमाणूस व्हायचं आणि घरी येऊन माझ्या आमटीला नावं ठेवायची, ही कसली खिलाडूवृत्ती, तूच सांग.

दुसऱ्या दिवशी लग्नात तू मामा म्हणून ऋत्विकच्या मागं उभा राहिलास. हे बाजूला उभे. फोटो आले आहेत. दोघांची तोंडं आधार कार्डावरच्यासारखी आहेत. अक्षता पडल्या आणि तू न जेवता गेलास. ऋत्विक तेव्हापासून विचारतो, मामा माझ्यावर चिडला काय? पोटऱ्या त्याच्या, सामना त्याचा गेला आणि काळजी तुझी!

त्यानंतर घरात काय चाललंय ते ऐक. ह्यांनी खोबरेलावर बंदी घातली आहे. सरावाला आलेल्या प्रत्येक पोराला हे आधी हुंगतात, मग नखं बघतात, खिशात नेलकटर ठेवतात. परवा टपालवाल्याची नखं बघितली. नवी सून तेलाशिवाय केस विंचरते, तिचे केस काथ्यासारखे झाले होते. शेवटी मी तिला बाटली तांदळाच्या डब्यात लपवून दिली. नव्या सुनेला सासूनं पहिली शिकवण काय दिली, तर चोरून तेल कसं लावावं.

कंपनीनं ह्यांना काढलं नाही अजून. दुसरा नंबर म्हणून साहेब जरा नरमला. पण फेब्रुवारीत राज्याची व्यावसायिक स्पर्धा आहे. तिथं पहिल्याच फेरीत घरी आले तर मुंबईचा माणूस पक्का. आणि तिथं सगळेच तुझ्यासारखे. दोन गुणांनी पुढं असले की वेळ काढायला एकाचा पाय मुरगळतो, एकाची नाडी सुटते, एकाला नेमकं तेव्हाच पाणी हवं असतं. आमचे हे बाकावर बसून "खेळून काढा" म्हणणार.

अंकिता आज बाजाराला आली होती, ती वळून घरी आली. तुझी बायको माझ्यापाशी खोटं बोलू शकत नाही, तिला ते जमतच नाही. पतपेढीच्या नव्या अध्यक्षाला क्रिकेटचं वेड, चषक कपाटात ठेवला आणि संघ बंद केला, हे तू मला सांगितलं नाहीस. महिनाभर उमरठला ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नियम शिकवतोस म्हणे. जिंकलास तू आणि घरी बसलास तू. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मी हे ह्यांच्या कानावर घातलं. जेवत होते. आमटीचा भुरका मारला. मग ताटाकडे बघत विचारलं, "त्यानं ते तेल ठरवून चोळलं, की मैदानात बघून सुचलं?" मी म्हटलं, आता काय फरक पडतो? तर म्हणाले, "मैदानात सुचलं असेल तर हुशार हाय. ठरवून केलं असेल तर आपल्याला पायजे. सहायकाची जागा रिकामी हाय." आणि वर म्हणाले, मी विचारलं असं त्याला सांगू नको. म्हणून सांगते आहे. तू बाकावर ह्यांच्या शेजारी बसायचं, समोरच्यांच्या लबाड्या ओळखायच्या आणि वेळेवर हात वर करायचा. मात्र कोणाचा शर्ट फाटला तर गप्प बसायचं, तिथं शेवटचा शब्द ह्यांचा. ठरवून चोळलं असशील तर तसं लिही. आधी एक मुस्काटात देईन, मग ताट वाढीन. अंकिता निघाली आहे, पत्र तिच्या पिशवीत भाजीखाली घालते. गुरुवारी नावं कंपनीत द्यायची आहेत. बुधवारच्या आत हो की नाही ते कळव, एका ओळीत, आणि त्या ओळीत नियम हा शब्द नको.

तुझीच,
रंगूताई