घासलेला थर

४ मार्च, सोमवार

आजचेही तिन्ही तुकडे गेले! जोड किती ताण सोसतो ते बघायला ओढायच्या यंत्रात चढवले, काटा जरा हलला आणि कटकन तुटले — बिस्किटासारखे. काम काय, तर पोलाद आणि टायटॅनियम जोडायचं. दोन्ही थेट भेटले की मध्ये ठिसूळ पापुद्रा धरतो. म्हणून पोलादावर आधी निकेलचा पातळ थर. तो चढवते आमची सूनबाई. मग मध्ये चांदीचा भर ठेवून भट्टीत घालतो मी; तो वितळला की दोन्ही धरतात. तीस वर्षं भट्टीत जोड लावतोय, थर तेवढा नवा; माझं काय चुकणार?

साहेब म्हणाले, "थरच धरत नाही तिचा."

५ मार्च

पुन्हा तुटले. पाठ धरली आहे. कंटाळा आलाय नुसता.

७ मार्च, गुरुवार

साहेबांनी सांगून टाकलं — शनिवारपर्यंत जोड टिकला नाही तर सूनबाईला काढणार. किती हातापाया पडून मीच चिकटवलं होतं तिला इथे! मुलगा घरीच बसून आहे, तिचंही काम गेलं तर काय करायचं?

जेवताना मीच चिडलो. "अगं, थर जरा नीट चढव की!" ती ताट उचलून आत गेली.

८ मार्च

पॉलिश पेपर संपला. स्टोअरवाला म्हणे, "उद्या या." जोडायच्या आधी पोलाद घासून लख्ख करायचं, ही माझी जुनी सवय. मळ राहिला तर भर धरत नाही ना. आज एक तुकडा तसाच, बडबडत, भट्टीत घातला.

नाही तुटला! काटा चढतच गेला. शेवटी पोलाद ताणलं, पण जोड जागचा हलला नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर तिचा थर मीच घासून काढत होतो! तिने चढवायचा, मी खरवडायचा — आणि वर बोलणी तिलाच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं. "तुम्ही? अहो, तुम्ही?" एवढंच म्हणाले. सूनबाईचं काम राहिलं. सुटलो बुवा.

९ मार्च

सकाळी तिची माफी मागितली. म्हटलं, "मला अडवलं का नाहीस गं?"

खाली बघत म्हणाली, "रोज सांगत होते, बाबा. घासू नका म्हणून. रोज तुम्ही 'बरं' म्हणायचात. साहेबांना काय तुमचं नाव सांगणार होते मी?"

तिने सांगितलेलं मला एकदाही आठवत नाही.