सातवी 'क'ची पचनसंस्था

५ जानेवारी, सोमवार
उद्यापासून शाळा. पद : टीचिंग आर्टिस्ट. नाटकातून विज्ञान शिकवायचं. मुलुंडच्या या शाळेत असा माणूस पहिल्यांदाच येतोय. अंधेरीची विमा कंपनीतली नोकरी मी सोडली ती यासाठीच. मुख्याध्यापिका रत्नप्रभा मॅडम म्हणाल्या, महिनाभर बघू. ३१ तारखेला पालकांसमोर सादरीकरण. ते जमलं तर पुढच्या वर्षीही ठेवू. नाही जमलं तर काय, ते विचारलं नाही. प्रश्नच येत नाही.
वर्ग : सातवी क. हे ऐकून स्टाफरूममधल्या दोन शिक्षिका एकमेकींकडे बघून हसल्या. कौतुकाने असावं.

६ जानेवारी, मंगळवार
सकाळपासून पोटात गुडगुड. कालची मिसळ.
वर्ग उत्तम. मुलांशी मैत्री हवी, म्हणून सांगितलं की सर नको, मुकुल म्हणा. तास संपायच्या आत मागच्या बाकावरून 'ए मुकुल, फॅन लाव ना' सुरू झालं.
सीरियलमध्ये काम केलंय हे बोलता बोलता सांगितलं. ऋतिका नावाच्या मुलीने विचारलं, बंगल्यात सोफ्यावर मरून पडलेले ते तुम्हीच ना? तिची आजी ती सीरियल रोज बघते. मेल्यावरही माझं पोट हलत होतं, असं आजीचं म्हणणं. अख्खा वर्ग खिदळला. दिलखुलास पोरं आहेत.
पुढच्या तासापासून सर.

९ जानेवारी, शुक्रवार
पोट पुन्हा बिघडलं. शर्मिष्ठाची मटकीची उसळ. तिला तसं बोललो तर म्हणाली, तीच उसळ मी पण खाल्ली, मी ठणठणीत आहे. तू त्या पोरांना घाबरतोस रे. घाबरतो! मी! बारा वर्षांच्या पोरांना! बायको नाटकवाली नसली की हे असं ऐकून घ्यावं लागतं.
वर्गाबाहेर जरा उभा राहिलो. नट विंगेत उभा राहतो तसा. जरा जास्तच राहिलो बहुतेक, कारण शिपाईमावशींना वाटलं कडी अडकलीये. त्यांनी दार उघडून मला आत सोडलं.

१३ जानेवारी, मंगळवार
धडा : पचनसंस्था. झकास कल्पना सुचली. अख्खा वर्गच पचनसंस्था! केयूर आणि त्याची गँग म्हणजे दात. समोरासमोर दोन रांगा ही अन्ननलिका. पुढे घोळका म्हणजे जठर, आणि बाकांमधून वळत वळत आतडी. घास कोण? अर्थात मी. शिक्षकाने स्वतःला मुलांच्या हवाली करावं, यालाच शिक्षण म्हणतात.
केलं हवाली. केयूरने चावण्याचं काम मनापासून केलं. शर्टाचं एक बटण जठरात राहिलं. आतड्यात तर एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली, वाटलं, आता आपण इथून बाहेर पडत नाही. मी 'आई गं' असं ओरडलो म्हणे. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो अभिनय वाटला.
अभिनयच होता.

२० जानेवारी, मंगळवार
दूध बंद. काळा चहा सुरू. पोट तसंच.
शुक्रवारी शाळेत गेलो नाही. एलबीएस रोडला तुफान ट्रॅफिक. भांडुपहूनच रिक्षा वळवली आणि घाटकोपरला घरी आलो. उशिरा पोचून मुलांना वाईट सवय कशाला लावा?
आज रंगभूमीची शिस्त शिकवली. पहिली घंटा, दुसरी घंटा, आणि तिसरी झाली की पडदा उघडायचा. कुणासाठी थांबायचं नाही. नट मेला तरी नाही. ऋतिकाने विचारलं, तुमच्यासाठी पण नाही का? म्हणालो, माझ्यासाठी तर मुळीच नाही! स्वतःचंच वाक्य ऐकून गहिवरलो. घंटा तिच्याकडे सोपवली. पितळी आहे, आमच्या देव्हाऱ्यातली. शर्मिष्ठाला अजून सांगायचंय.

२७ जानेवारी, मंगळवार
तालीम. दिग्दर्शकाने लांबून बघायचं असतं, म्हणून घासाच्या जागी माझी बॅग पाठवली. बॅगेत डबा होता. आता डब्याला झाकण बसत नाही.
शनिवारी मात्र घास मी स्वतः. ठरलं. नक्की. शंभर टक्के.

३० जानेवारी, शुक्रवार
हातपाय गार पडलेत. मुंबईत थंडी वाढलीये. शर्मिष्ठा पंखा लावून बसलीये, तिचं वेगळं आहे.
अंधेरीच्या जुन्या साहेबांना असाच फोन केला, ख्यालीखुशाली विचारायला. म्हणाले, तुझ्या जागी माणूस घेतला. मी विचारलंच नव्हतं.

३१ जानेवारी, शनिवार
सकाळी १०. शिक्षकांच्या टॉयलेटमधून लिहितोय. हॉल पालकांनी भरलाय. एकदा डोकावून बघितलं, तेवढंच चुकलं. पहिली घंटा झाली. काल बटाटा खाल्ला होता, तोच बाधला. निघतोच. दुसरी झाली. कडी घट्ट बसलीये, निघतच नाहीये. ऋतिका थांबेल. एवढी वाट तर कुणीही बघतं.
तिसरी.

दुपारी. थांबली नाही.
घास नाही म्हटल्यावर केयूर म्हणे सरळ पहिल्या रांगेत गेला आणि रत्नप्रभा मॅडमना हाताला धरून घेऊन आला. त्यांचा चष्मा जठराने आदराने काढून ठेवला. मॅडमना व्यवस्थित चावलं, अन्ननलिकेतून ढकललं, जठरात घुसळलं, आतड्यांतून फिरवलं. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो गलका ऐकून मला आत वाटलं, कुणीतरी पडलं. मग टॉयलेटचं दार वाजलं. बाहेरून ऋतिका म्हणाली, सर, मॅडम पचल्या, आता तुम्ही बाहेर या.
मॅडमचा अंबाडा सुटला होता आणि त्या हसत होत्या. म्हणाल्या, मुलांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून तुम्ही मुद्दाम बाजूला राहिलात, ही तुमची पद्धत मला फार आवडली. मी हो म्हणालो.
पुढचं वर्ष पक्कं. शिवाय परवापासून रोज पहिला तास माझा. सातवी क.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून पोटात काही नाही. चहासुद्धा नाही. तरी गुडगुडतंय.
शर्मिष्ठाला म्हटलं, मला त्या पोरांची भीती वाटते गं. खूप वाटते. ती म्हणाली, माहितीये, जेवून घे. आणि देव्हाऱ्यातली घंटा कुठे गेली ते सांग.