आत घेतलेला कोट

१२ जानेवारी

ती. दादास,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनी गेल्यापासून तू नीट जेवतोस की नुसता चहा ढोसतोस, ते मात्र त्यात लिहिलं नाहीस.

मी काम करते त्या आरोग्य केंद्रात शरीराचं खरं वय मोजतात. रक्त तपासतात. मूठ किती घट्ट आवळता येते, चार मीटर चालायला किती वेळ लागतो, वर्षात वजन किती उतरलं, हे मी स्वतः लिहून घेते. शरीर जन्मतारखेच्या पुढे गेलं असेल तर सहा महिने व्यायाम आणि खाण्यापिण्याकडे लक्ष, म्हणजे माणूस पडायच्या आधीच सावरतो. तुझं नाव घातलंय. चौऱ्याहत्तर वर्षांचा शिंपी म्हणून मिरवायला तरी ये.

आशीर्वाद आहेतच, ते पत्रातूनही येऊ देत.
मुंगी

२५ जानेवारी

चि. मुंगीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या, आणि आता माझं माप तू घेणार होय? तुझ्या लेकीच्या लग्नात पाहिलंस ना, पाच वर्षांपूर्वीचा कोट कसा चापूनचोपून बसला होता. माझी जागा एखाद्या गरजू म्हाताऱ्याला दे. टेबलाशी उभं राहून कापड बेततोय, तोवर मी ठणठणीत.

यजमानांना नमस्कार. लोभ होता तसाच राहो.
दादा

९ जून

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

अक्षर चालवून घे, इस्पितळात आडवा पडून लिहितोय. शनिवारी दुकानात कात्री घ्यायला वळलो आणि पडलो. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हाड जुळेल, पण पायांत बळच उरलेलं नाही, पुन्हा उभ्याने काम होईल असं धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. दुकानाला कुलूप आहे.

आता खरं सांगतो. तो कोट अंगावर ढगळ व्हायला लागला, म्हणून लग्नाआधी मी दोनदा आत घेतला होता. विजारीही, दर दोन महिन्यांनी थोड्या थोड्या. तुझी वहिनी असती तर पहिल्याच टाचणीला पकडलं असतं. तू मोजशील आणि दुकान बंद करायला लावशील, म्हणून घाबरलो. रागाव, पण ये.

दादा

१४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागवायला मला तोंड नाही. लग्नातून निघताना तू मला जवळ घेतलंस, तेव्हा कोटाखाली तुझे खांदे हाताला लागले. नुसती हाडं. माझा हात धरलास, तीही पकड सैल होती. रोज हेच काम करणाऱ्या बाईला ते कळणार नाही का? परकं कुणी असतं तर तिथल्या तिथे वजन विचारलं असतं. तुला विचारलं नाही. तू नको म्हणालास तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी तुझी जागा देऊन टाकली. आईबाबांनंतर माझ्या डोक्यावर तू एकटाच आहेस. तू म्हातारा झालास हे माझ्याच अक्षरात लिहायचं धाडस झालं नाही, दादा.

उद्या सकाळी निघते. पहिले काही दिवस धरून उठवावं लागतं, ते मला येतं.

लोभ मागायला आज जीभ रेटत नाही. जमलं तर तूच ठेव.
मुंगी