दादांच्या गाडीचा आवाज

राजारामपुरी, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर १९७८

प्रिय नृसिंहभावजी,

विमलावहिनीचे अनेक आशीर्वाद. तुम्ही, प्रमोदिनी आणि मुलगी नाशिकला खुशाल असाल. इकडेही सर्व ठीक आहे.

आज तांदूळ निवडताना तुमची आठवण झाली. तुम्ही कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. लिलावातून आणलेल्या त्या जुन्या मोटरसायकलचा कार्बुरेटर तुम्ही दोघा भावांनी माझ्या स्वयंपाकघरात खोलला होता, का तर अंगणात वारा फार. त्यातला जेट, तो मुगाएवढा पितळी तुकडा, तुमच्या बोटांतून निसटला तो थेट माझ्या सुपात. मग तिघंही मांडी घालून तांदूळ निवडत बसलो. तुम्ही म्हणालात, "वहिनी, नाही सापडला तर आजचा भात बेतानं खा." तर तुमचे दादा म्हणाले, "तू गिळलास तर तुलाच किक मारून बघतो." सासूबाई बाहेरून ओरडल्या, "अरे, जेवायचं आहे की नाही आज?" भाताला पेट्रोलचा वास आला, आणि तरीही सगळा संपला.

पेन्शन झाल्यापासून यांचं कार्बुरेटरचंच चाललं आहे. पाटबंधारे खात्यातला ओव्हरसिअर आता मेकॅनिक झाला, असं गल्ली म्हणते. लोक कुठून कुठून गाड्या आणतात. पेठ वडगावचे हंबीरराव तर महिन्याआड येतात. परवा फाटकातूनच ओरडले, "रावसाहेब! पन्हाळ्याच्या चढाला निम्म्यात दम टाकला की वो हिनं! बायकु मागं बसलेली, तिलाच उतरून ढकलाय लावली!"

"मग काय म्हणाल्या वहिनी?" यांनी विचारलं.

"काय म्हनती? म्हनली, गाडी ठेवा नायतर मला ठेवा. बगा काडून, कचरा आडकलाय का माजं नशीब!"

हे मनापासून हसले. हंबीररावांवर यांचा फार जीव. कारण त्यांचं बोलणं यांना ऐकू येतं.

लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. आता पुढचंही लिहिते.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी तुम्ही जे बोललात ते खरं होतं. गाडीला हार घातलेला, अंगणात माणसं जमलेली, हे खाली बसून हवेचा स्क्रू फिरवत होते आणि गाडी मध्येच ठोका चुकवत होती. तुम्ही त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतलात. "दादा, अरे मिसिंग मारतंय! तुला ऐकूच येत नाही!" हंबीररावही तिथंच होते, ते गाडीवरचा हार सारखा करायला लागले. हे हात पुसत आत आले आणि मला म्हणाले, "त्याला सांग, जेवून जा. आणि पुन्हा येऊ नकोस." मी बाहेर आले तोवर तुम्ही फाटकाबाहेर पोचला होता.

तुमची चूक एवढीच, की ते खरं सगळ्यांसमोर बोललात. आपल्या गावात सगळेच मोठ्यानं बोलतात, म्हणून यांचं इतकी वर्षं झाकून राहिलं होतं. पुण्यामुंबईला असतो तर केव्हाच उघडं पडलं असतं.

तुम्ही गेल्यावर यांनी स्वतःच ट्युनिंग केलं, खूश होऊन रंकाळ्याला गेले, आणि गाडी ढकलत परत आले. शर्ट घामानं भिजलेला. मला म्हणाले, "प्लग खराब होता." मी म्हणाले, "असेल."

पुढच्या वेळी मी मेथीची जुडी घेऊन पायरीवर बसले. मुद्दाम नाही. गाडी सुरू होती. एका क्षणी तिचा ठेका चुकला आणि माझे हात आपोआप थांबले. यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्या हातांकडे पाहिलं आणि स्क्रू किंचित मागे घेतला. ठेका बसला. मी पुन्हा पानं खुडायला लागले. यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

तेव्हापासून असंच चाललं आहे, भावजी. एका शब्दानं आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. गाडी कुणाचीही असो, हे कार्बुरेटर खोलतात, धुतात, जेट फुंकतात, सुई बसवतात. त्यात त्यांचा हात अजून कुणी धरणार नाही. शेवटी गाडी सुरू करायची वेळ आली की माझ्याकडे न बघता म्हणतात, "भाजी निवडायची नाही का आज?" कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला पियानो शिकवायच्या, ताल चुकला की पट्टीनं बोटावर टकटक करायच्या. लग्नानंतर पियानो काही दिसला नाही. पण तो कान असा कामाला आला.

घरात भाजी फार होते. गल्लीत वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला येत्या गुरुवारी मिरजेला जायचं आहे. ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे, बऱ्याच दिवसांची. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही. शेजारच्या धोंडुबाई सोबत आल्या होत्या, त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता चपला शोधत राहिल्या. चपला पायातच होत्या.

यांना मी सांगितलं आहे. चहा गाळताना, पाठमोरी उभी राहून, हळू आवाजात सांगितलं. सगळं सांगितलं. हे "बरं, बरं" म्हणाले आणि बशी पुढे केली. मी वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा इतका निवांत होता की पुन्हा मोठ्यानं सांगायचा धीर झाला नाही. आणि ही गोष्ट ओरडून कशी सांगायची हो? पलीकडच्या घरात ऐकू जाईल. मिरज एवढंच यांच्या कानावर पडलं असावं; त्यांना वाटतं, मी डोळे तपासायला निघाले आहे.

म्हणून तुम्ही या. बुधवारपर्यंत या. "पुन्हा येऊ नकोस" म्हणणारा माणूस आता सत्तरीला आला आहे. परवा एक अवघड कार्बुरेटर आला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नृसिंह असता तर धरला असता." मग माझ्याकडे पाहिलं, मी ऐकलं की काय म्हणून. मी ऐकलं नाही असं दाखवलं. एवढं तर मलाही जमतं.

आलात की त्यांच्या कानाबद्दल चकार शब्द काढू नका. सकाळी गाडी सुरू झाली की पेपर घेऊन पायरीवर बसा. ठेका चुकत असेल तर एकाच पानावर थांबून राहा. ठेका बसला की पान उलटा. घाई करू नका. इंजिन तापू द्या, मगच खरं कळतं. त्यांच्याकडे बघू नका. ते बघतील.

आणि माझं काय ते त्यांना तुम्ही सांगा. माझ्या आवाजात ते मावत नाही. शेजारी बसून, खांद्यावर हात ठेवून सांगा. ऐकू आलं नसल्याचं सोंग करतील, तर करू द्या. थोड्या वेळानं पुन्हा सांगा.

आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा मागे कुणाला प्रश्न पडू नये म्हणून हेही लिहून ठेवते. शिलाई मशीन धोंडुबाईंना द्यावं. त्यांचा त्यावर हात बसला आहे. माझ्या दोन पाटल्या प्रमोदिनीला, तिनं त्या घालाव्यात, मोडू नयेत. इंग्रजी पुस्तकं तुमच्या मुलीला. पहिल्या पानावर माझं माहेरचं नाव आहे, ते खोडलं तरी चालेल. नऊवारी दोन्ही भांडी घासणाऱ्या बनाबाईंना. राधानगरीहून माझ्या भावाकडचे तांदूळ पौषात येतील, ते हंबीररावांकडे निम्मे पाठवावेत, आणि त्यांच्या बायकोला म्हणावं, गाडी पण ठेव, नवरा पण ठेव. यांची हत्यारं जिथं आहेत तिथंच राहावीत. पुसायला म्हणूनही कुणी हलवू नयेत.

तुमचे दादा तुम्हाला. त्यांच्याशी समोर येऊन बोलावं लागतं, ओठ दिसतील असं. मागून हाक मारू नका.

तुमची,
विमलावहिनी