क्लेमच्या कोटाची बटणं

स्टोनहाऊस, प्लिमथ
रविवार, ११ मे १९५२

चि. क्लेम,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे बरे आहेत. तुझा खोकला?

काल आधी टपकली ती शेजारची पेंगेलीबाई. केशरी पावाचा वास सुटला की तिला माझ्या तब्येतीची काळजी वाटते. "काय गं फ्लॉरी, नातू जनरल झाला म्हणे! आता आम्ही तुला सलाम ठोकायचा का?" म्हटलं, "आधी बूट पूस, मग ठोक." तुझी तार आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत रे. सोळाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून आरमाराच्या मरीन पलटणीत गेलास, आणि आज मेजर जनरल! आजोबांच्या हातून चहा सांडला असता.

मग आमची नातसून सिबिल आली, तुझ्या अर्दली टोझरने गाडीतून आणली. निळी हॅट छान दिसते तिला. तुझा कोट न्यायला आली होती. सोमवारी टोझरच आणून देऊन गेला होता, अस्तर शिवायला. अस्तर झकास बसलंय, टाका शोधून सापडणार नाही.

बटणांचं सांगायचं राहिलं.

आपल्या घरात बटण म्हणजे चकाकलंच पाहिजे. आजोबा तुला बटणांखाली पितळी पट्टी सरकवून घासायला शिकवायचे, कापडाला डाग लागला की टपली. तुझ्या कोटाची बटणं बघते तर काळपट. म्हटलं, एवढा मोठा साहेब आणि ही दशा! टोझर आळसावला वाटतं. मंगळवारी दिवसभर घासली. सोन्यासारखी निघाली.

सिबिलने कोट उलगडला आणि मटकन बसली. "साहेब लोकांची बटणं काळीच असतात! शुक्रवारी संचलन आहे. टोझर, हे तू केलंस?"

टोझर दारात उभा होता. त्याने बटणं पाहिली. मग माझी नखं पाहिली. पॉलिश अजून गेलं नाहीये त्यातून.

"होय मॅडम. माझीच चूक."

"साहेब येऊ देत. तुझी परत बराकीत रवानगी."

पेंगेलीबाई पाव चावायची थांबली. आणि मी काय बोलले असेन? "आणखी चहा हवाय का कुणाला?"

हे लिहायलाच बसले होते, नि हॅटचं काय सांगत बसले! तुझ्या पायात गोळी घुसली तेव्हा तुला पाठीवर घालून किनाऱ्यावरून आणणारा माणूस तो. जाताना त्याने माझी कोळशाची बादली आत आणून ठेवली. "येतो, आजीबाई," एवढंच म्हणाला.

वाटलं, सिबिल म्हणेल, शिपायाची बायको, हिला साहेबाच्या कपड्यातलं काय कळणार. तुला कमीपणा नको म्हणून गप्प बसले असं लिहिणार होते. पण ते खोटं. माझीच लाज मी झाकली, त्याच्या पोटावर पाय देऊन.

त्याला काढू नकोस, क्लेम. मला काय बोलायचं ते बोल. सिबिलला मात्र तू सांगू नकोस, मी सांगणार. ती मला संचलनासाठी हॅट द्यायला परत यायचीय, टोझरच आणेल. या खेपेला त्याला दारात उभा ठेवणार नाही. टेबलाशी बसवीन, पहिला पाव त्याला देईन, आणि तिच्यादेखत बोलेन.

नखं धुतलेली नाहीत.

तुझी,
आजी

सिबिल आणि टोझर बुधवारी येतो म्हणालेत.